जागा रिकामी करा

सकाळचे सहा वाजलेत. तुम्ही मलकापूरच्या एसटी स्टँडवर उभे आहात. मलकापूर म्हटलं की बाहेरचा माणूस विचारतो, बुलढाण्याचं की कऱ्हाडजवळचं? एकाला रेल्वे आहे, दुसऱ्याला पुणे-बंगळूर हायवे. आपलं तिसरं: शाहूवाडी तालुक्यातलं, कडवीच्या खोऱ्यातलं, आंबा घाटाच्या अलीकडचं, साधारण 5 हजार वस्तीचं. रात्रभर पाऊस लागलाय. पत्र्याच्या पागोळ्या अजून गळताहेत. कोल्हापूरची गाडी लागते आणि पोरंपोरी चढायला लागतात. कुणी कॉलेजला, कुणी शिरोलीच्या नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला. एकाच्या पाठीवर मोठी सॅक आहे आणि हातात आईनं सुतळीनं बांधून दिलेली पिशवी. तो कोल्हापूरला उतरून पुण्याची गाडी धरणार. त्याची आई गाडी वळेपर्यंत स्टँडवरून हलत नाही.

तुमच्या मोबाईलवर बातमी आहे, ती रोजचीच झालीय. अमुक कंपनीचा मोठा प्रकल्प, तीन राज्यं मागं लागलीत, कुणी जमीन देतंय, कुणी वीज स्वस्त देतंय, कुणी कर माफ करतंय. त्या यादीत मलकापूर नाही. कधी नव्हतंच, असं तुम्हाला वाटतं.

पाऊस तोच राहू दे. बाकी सगळं पुसून टाका, स्टँड, हायवे, विजेचे खांब. साल 1844.

तुम्ही विशाळगडाखाली उभे आहात, अंगावर घोंगडी. कोल्हापूर संस्थानातल्या गडकऱ्यांनी बंड केलं होतं. सामानगड, भुदरगड, पन्हाळा, विशाळगड, एकेक गड उठला. कंपनी सरकारच्या फौजेनं बंड मोडलं आणि पुन्हा कुणी गडावर बसून सरकारला डोळे दाखवू नयेत म्हणून गडच मोडायला काढले. विशाळगड हे पंतप्रतिनिधींच्या जहागिरीचं ठाणं होतं. आता ते गडावर ठेवायचं नाही, असं ठरलं.

म्हणून तुमच्या समोरून एक मुख्यालय खाली उतरतंय. जुन्या भाषेत मुख्यालय म्हणजे दप्तर. रुमालात बांधलेले कागद, जमाखर्चाच्या वह्या, सनदा, कोठीतलं धान्य, भांडीकुंडी, देवघरातले देव. गाडी चालेल असा रस्ता नाही, तेव्हा सगळं माणसांच्या डोक्यावर आणि बैलांच्या पाठीवर. गडाच्या पायवाटेवरचा चिखल पोटरीपर्यंत येतो. हे सगळं चाललंय मलकापूरला. विशाळगडच्या पंतांची गादी तेव्हापासून मलकापूरची झाली.

मलकापूरनं त्यासाठी अर्ज केला नव्हता. पण दप्तर आलं की कारकून येतो. कारकून आला की त्याला घर लागतं, घराला वाणी लागतो, वाण्याला गाडीवाला लागतो. फिर्याद घेऊन येणारा कुणबी दोन दिवस राहतो, त्याला जेवण आणि आडोसा लागतो. एखाद्या गावात मुख्यालय येण्याचा अर्थ एवढाच आहे आणि तो तेव्हाही तोच होता. पुढं 1949 साली कोल्हापूर संस्थान विलीन झालं, जहागिरीचा कारभार संपला. आज तालुक्याचं नाव शाहूवाडी आहे आणि बाजारपेठ मलकापूरची.

इथून एकदम पुढं चला. 66 वर्षं पुढं, आणि दक्षिणेला, बेळगावला.

साल 1910 उजाडतंय. तुम्ही एका कारखान्याच्या दारात उभे आहात. कारखाना म्हणजे फार मोठं काही समजू नका. कोळशाची भट्टी, ओलसर वाळूचे साचे, घणांचा आवाज, तेलाचा वास. एका बाजूला कडबा कापायची यंत्रं उभी आहेत, मोठं चाक आणि चाकाला पाती. दुसऱ्या बाजूला नांगर. लाकडी नव्हेत, लोखंडी. वाका आणि जवळून बघा. फाळ वेगळा आहे, तो झिजला की काढून दुसरा बसवता येतो. ओतकाम थोडं खरबरीत आहे, बोट फिरवलं तर वाळूचा कण लागतो. वजन उचलून बघा, म्हणजे बैलवाला शेतकरी याच्याकडे बघून मान का हलवतो ते कळेल. लोखंडानं जमीन नासते, जमिनीला विष चढतं, असं लोक म्हणताहेत. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली.

हे सगळं उभं करणारा माणूस लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर. जन्म 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये गेला, तर रंगच नीट ओळखता येत नाहीत असं निघालं. मग यंत्रांची चित्रं काढायला शिकला, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लागला. तिथं बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला परत आला. थोरले भाऊ रामूअण्णा बरोबर होते. 1888 पासून दोघा भावांचं सायकलींचं दुकान होतंच. सायकलीवरून कडबा कापायचं यंत्र, तिथून नांगर.

आणि आता त्यांच्या हातात नगरपालिकेचा कागद आहे. जागा रिकामी करा. गावाची वस्ती वाढवायचीय, त्यासाठी ही जागा हवीय.

इथं जरा थांबा, कारण माझ्या मते सगळी गोष्ट या कागदात आहे. नगरपालिकेत कुणी दुष्ट बसलं नव्हतं. गाव वाढत होतं, घरांना जागा लागत होती, नकाशावर एक रेघ ओढायची होती आणि रेघेच्या आड एक शेड येत होतं. आत काळे हात असलेली काही माणसं कुणाला फारसे नको असलेले नांगर ओतत होती. त्या दिवशी बेळगावात कुणालाही आपण काही मोठं गमावतोय असं वाटलं नसणार. आज बेळगावात किर्लोस्कर रोड आहे. रस्त्याला नाव राहिलं.

मोठ्या कंपनीसाठी शहरं भांडतात तेव्हा आपण बघतो. पण कंपनी लहान असते, तिच्याकडे शेड आणि दहा-वीस माणसं असतात, तेव्हाच ती खरी जाते किंवा राहते. त्या वेळी भांडायला कुणीच नसतं.

लक्ष्मणराव त्या सुमाराला औंध संस्थानात देवळाच्या मंडपाचं बांधकाम बघत होते. औंधच्या गादीवर बाळासाहेब पंतप्रतिनिधी नुकतेच, 1909 साली आले होते. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे, स्वतः चित्रं काढणारे, तेच हे बाळासाहेब. आणि इथं मलकापूरकरांना ओळखीची खूण सापडेल. औंधचे पंत आणि विशाळगडचे पंत एकाच घराण्याच्या दोन शाखा, दोघांचा मूळ पुरुष साताऱ्याकडच्या किन्हईचा परशुराम त्रिंबक. एका शाखेचं ठाणं इंग्रजांनी गडावरून उचलून मलकापूरला आणलं. दुसऱ्या शाखेनं 1910 साली एका बेघर झालेल्या कारखान्याला बोलावून घेतलं.

औंध संस्थान लहान होतं, आणि तेही तुकड्यातुकड्यांनी विखुरलेलं. एक तुकडा कुंडलचा. बाळासाहेबांनी सांगितलं, आमच्या हद्दीत हवी ती जागा बघा. लक्ष्मणरावांनी कुंडल रोड स्टेशनजवळची जमीन घेतली, 32 एकर. वर 10,000 रुपयांचं बिनव्याजी कर्ज. तेव्हा औंध म्हणजे पुणे नव्हतं, मुंबई नव्हतं. पण संस्थानाच्या मालकानं कारखानदाराची अडचण ऐकली, आणि ती ऐकून महिने घालवले नाहीत. गादीवर येऊन त्याला वर्षही झालं नव्हतं.

मार्च 1910. तुम्ही कुंडल रोडच्या फलाटावर उतरता. फलाट म्हणजे मुरमाची पट्टी. ऊन डोळ्यात जातं. बेळगावाहून मिरजमार्गे आलेल्या वाघिणी बाजूला लावल्यात आणि त्यातून लेथ, साचे, पेट्या, माणसांची बिऱ्हाडं उतरताहेत. दोन्ही गावं एकाच रेल्वेवर होती. लक्ष्मणरावांनी स्टेशनजवळची जागा का निवडली, ते या वाघिणी रिकाम्या होताना बघितल्या की कळतं. लोखंड बाहेरून यायचं आणि नांगर बाहेर जायचे. रूळ नसते तर 32 काय, 300 एकर फुकट मिळूनही उपयोग नव्हता.

पुढं जमीन पसरलीय. तिला जमीन म्हणवत नाही. फड्या निवडुंग माणसाच्या उंचीचा, मैलभर. एक फडा कोयत्यानं तोडला की चार बाजूला पडतात, त्याचे बारीक काटे बोटात घुसतात आणि दिसत नाहीत. दुसऱ्या दिवशी बोट सुजतं, मग सुईनं एकेक काटा काढत बसायचं. तुम्हीही काढताय, कंदिलाच्या उजेडात. निवडुंगाखाली साप. लहान पोरांना एकटं सोडायची सोय नाही. बायका पाण्याच्या हिशेबात. इथं 10 मार्च 1910 ला कामाला सुरुवात झाली, तीच तारीख पुढं किर्लोस्करवाडीचा स्थापनादिन म्हणून राहिली.

रात्री पहारा लागतो. पहाऱ्यावर कोण आहे बघा. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. दोघांच्या नावावर गुन्हे. माणसावर विश्वास टाकला तर तो सुधारतो, असं लक्ष्मणरावांचं मत होतं, आणि ते मत त्यांनी भाषणात न ठेवता कारखान्याच्या किल्ल्यांसकट या दोघांच्या हातात दिलं. दोघांनीही तो विश्वास शेवटपर्यंत सांभाळला. त्याच माळावर शंभोराव जांभेकर यंत्रांची बाजू बघत होते, मंगेशराव रेगे हिशेब आणि कचेरी. शाळेत फार न रमलेले अनंतराव फळणीकर इथं आले आणि कल्पक यंत्रकार झाले. रामूअण्णा वसाहत आखत होते: घरं कुठं, रस्ता कुठं, पाणी कुठून.

मला सगळ्यात जास्त ही माणसं महत्त्वाची वाटतात. कंपनी आली की रोजगार येतो, असं आपण म्हणतो, आणि ते खरं आहे. पण कुंडलच्या माळावर आलं ते त्याहून जास्त होतं. ज्याला कुणी काम देणार नाही अशा माणसाला काम आलं. शाळेत मागं पडलेल्याला हाताच्या कसबावर मान आला. पुढं 1920 साली त्याच माळावरून शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं, त्याचं 'किर्लोस्कर' मासिक झालं. 1930 साली 'स्त्री' आलं. जिथं दहा वर्षांपूर्वी काटे काढत बसावं लागत होतं, तिथून मराठी घराघरात विचार जायला लागला.

पहिल्या महायुद्धाच्या वर्षांत तुम्ही पुन्हा त्या माळावर या. आता दिवे आहेत, झाडं आहेत. पण लोखंड नाही, युद्धामुळं बाहेरून येणं बंद झालंय. आणि तरी भट्टी पेटलेली आहे. जवळ जाऊन बघा, भट्टीत काय घालताहेत ते. तोफेचा तुकडा. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानात पडून असलेल्या जुन्या तोफा नांगरांसाठी दिल्या. जे गड 1844 साली उठले आणि मोडले गेले, ते याच संस्थानातले. त्या मुलखातल्या तोफांचं लोखंड आता फाळ होऊन घाटावरच्या काळ्या मातीत उतरतंय. किर्लोस्करवाडी औंधच्या हद्दीत होती, कोल्हापूरच्या नव्हे. तो कारखाना आपल्याकडे नाही म्हणून शाहू महाराजांनी हात आखडता घेतला नाही.

पुढं स्टेशनचंही नाव बदललं. कुंडल रोडची पाटी उतरली आणि किर्लोस्करवाडी अशी पाटी लागली. ही पाटी डोळ्यांसमोर ठेवा आणि एकदम सातासमुद्रापार चला. सप्टेंबर 2017, अमेरिका. अ‍ॅमेझॉन कंपनीनं जाहीर केलंय की आम्हाला दुसरं मुख्यालय हवंय, 50,000 नोकऱ्या देऊ, शहरांनो, तुमचे प्रस्ताव पाठवा. 238 प्रस्ताव आले. एका शहरानं मोठा निवडुंगच भेट पाठवला. जॉर्जियातल्या स्टोनक्रेस्ट गावानं सांगितलं, आमच्या जमिनीतून 345 एकर तोडून देतो, तिथं नवं शहर वसवतो आणि त्याला अ‍ॅमेझॉन हेच नाव देतो. कंपनी तिथं गेली नाही. तिनं न्यूयॉर्क आणि व्हर्जिनियातलं आर्लिंग्टन निवडलं आणि पुढं 2019 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कही सोडलं. कुंडलला पाटी बदलली ती कारखाना उभा राहिल्यावर, लोक त्या जागेला तसं म्हणायला लागल्यावर. स्टोनक्रेस्ट आधी नाव द्यायला निघालं होतं.

परत आपल्या मुलखाकडे येताना 1940 साली बंगळूरला थोडा वेळ उतरा. सोलापूरचे वालचंद हिराचंद विमानाचा कारखाना काढायला निघालेत. संस्थानांशी बोलणी चाललीत, आणि म्हैसूरचे दिवाण मिर्झा इस्माईल तातडीनं पुढं येतात: 700 एकर जमीन, 25 लाख रुपयांचं भांडवल. 23 डिसेंबर 1940 ला हिंदुस्थान एअरक्राफ्टची नोंदणी झाली. माणूस सोलापूरचा, कारखाना बंगळूरचा. सरकारनं पुढं तो कारखाना घेतला तरी मुख्यालय बंगळूरलाच राहिलं, आजही आहे. सोलापूरच्या माणसाला वाईट वाटावं, पण मिर्झा इस्माईलांना दोष देता येत नाही. त्यांनी वेळेवर हात पुढं केला.

आणि सप्टेंबर 2022. हे तुम्हाला आठवत असेल, त्यासाठी प्रवास करायला नको. वेदांता-फॉक्सकॉनचा 1.54 लाख कोटींचा प्रकल्प तळेगावला येणार म्हणून चर्चा, आणि 13 सप्टेंबरला करार गुजरातशी. महाराष्ट्रात केवढं रान उठलं. रोज आरोप, रोज खुलासे. जुलै 2023 मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली आणि ज्या प्रकल्पावरून दोन राज्यांत भांडण झालं, तो त्या रूपात कुठंच उभा राहिला नाही. तळेगावचं नुकसान झालं का? झालं, आशा लावून बसलेल्या पोरांचं झालं. पण त्या महिन्याभरात महाराष्ट्रात किती लहान शेडांना जागा रिकामी करण्याचे कागद गेले असतील, त्यावर एकाही वाहिनीनं चर्चा घेतली नाही, आणि मला ते जास्त लागतं.

एक गोष्ट लपवून उपयोग नाही. किर्लोस्कर ब्रदर्सचं मुख्यालय आज किर्लोस्करवाडीत नाही, पुण्यात आहे. शंतनुराव किर्लोस्कर अमेरिकेतल्या एमआयटीत शिकून 1926 साली परत आले, पुढं धंदा वाढला, 1941 साली हरिहर, 1946 साली पुणे आणि बंगळूर. मोठ्या धंद्याची कचेरी मोठ्या शहराकडे जाते. बँका, विमानतळ, वरच्या पदाच्या माणसांच्या मुलांच्या शाळा, सगळं तिकडं असतं. आज एखाद्या कंपनीनं आपलं मुख्यालय मलकापुरात आणावं, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं म्हणजे इथल्या पोरांना फसवणं. पण पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडीचा पंपांचा कारखाना अजून चालू आहे. शंभर वर्षांहून जास्त. कचेरी गेली, भट्टी राहिली, आणि भट्टीभोवतीचं गाव राहिलं.

परत या. सकाळचे सहा वाजून गेलेत, पाऊस थोडा ओसरलाय. कोल्हापूरची गाडी गेली, पुढची अजून लागायची आहे. स्टँडवरून बाहेर पडा आणि हायवेच्या कडेनं पायी चाला. रत्नागिरी-कोल्हापूर रस्त्याच्या चौपदरीकरणाचं काम या पट्ट्यात चाललंय. जुनी झाडं गेली, मोजणीचे दगड बसले. अशा रस्त्याच्या कडेला कुठल्याही तालुक्याच्या गावात एक फॅब्रिकेशनचं शेड असतंच. वर पत्रे, खाली चिखल, दारात अर्धवट जोडलेला ट्रॉलीचा सांगाडा, आत वेल्डिंगची निळी ठिणगी. भात मळणीचं यंत्र बिघडलं की आजूबाजूच्या वाड्या इथं येतात. शेडमधल्या माणसाच्या डोक्यात आपल्या डोंगराळ वावरात चालेल असं हलकं यंत्र करायचं असतं. कागदावर त्याचं चित्र त्यानं काढलेलं असतं, ग्रीसचे डाग पडलेलं. तिथं दोन पोरं शिकत असतात. त्यातलं एक शाळेतून बाहेर पडलेलं.

मलकापूर नगरपरिषदेच्या, तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कारभाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. रस्ता हवाच आहे, वस्तीही वाढणारच. पण तुमच्या हद्दीतली अशी शेडं एकदा पायी फिरून बघा, आत काय बनतंय ते विचारा, त्यांची यादी करा. 32 एकर नको, दोन-चार गुंठे आणि विजेची जोडणी पुरेल. रस्त्यासाठी त्यातलं एखादं शेड हलवायची वेळ आली तर त्या माणसाला आधी दुसरी जागा दाखवा, आणि मगच त्याच्या हातात नोटीस द्या.